मायाक्काचा लक्षांक

मायाक्काने तीन कोकरं हरवली. पोरांच्या हातून कोकरू हरवतं, त्यात नवल नाही. पण ती हरवल्याचं तिला दिवस मावळेपर्यंत कळलंच नाही, हे तिची आई सोनाली फोनवर सांगत होती.

"रुजाताई, आवो पोर तिथंच बसलेली. कोकरं तिच्या म्होरनं गेली. बांधापल्याड कोल्हं आलं, कुत्री वरडली, आबा हाका मारत धावलं. हिनं मान वर केली न्हाई. पुस्तक वाचत हुती."

"बरं नाही का तिला? ताप वगैरे?"

"ताप न्हाई. काईच न्हाई. लई शानी झालीय," सोनाली म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही म्हनला हुता, पट्टीनं काय हुत न्हाई."

डॉ. ऋजुता ढमढेरे तेव्हा पुण्यात आपल्या विभागात बसल्या होत्या. दहा मिनिटांनी तास होता. बावीस वर्षं त्या मानववंशशास्त्र शिकवत होत्या, आणि त्यांचा विषय एकच: माणसं आपली मुलं कशी वाढवतात. कुठल्या बेटावर बाळाला पाठीशी बांधून त्याचं तोंड जगाकडे करतात, कुठे बाळाशी समोरासमोर कुणी बोलतच नाही तरी ते वेळेवर बोलू लागतं, कुठे पाच वर्षांची बहीण धाकट्याची अर्धी आई असते. बालपण नावाची एकच गोष्ट नसते, हे त्या दर वर्षी नव्या मुलांना घसा कोरडा करून सांगत. आणि सोनालीला 'काही होत नाही' म्हणणाऱ्याही त्याच होत्या.

त्यांनी तास रद्द केला.

सोनाली त्यांना सव्वीस वर्षांपूर्वी भेटली, तेव्हा ती सात वर्षांची होती. माणदेशातून दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या एका तळाबरोबर पंचविशीतली ऋजुता दोन हंगाम चालली होती. घोड्यावर संसार, पुढे मेंढरं, मागे बाया आणि पोरं. तळावर तिला सगळे रुजाताई म्हणत. पीएचडीसाठी तिने मांडलेला प्रयोग अगदी साधा होता. दोन भावंडं बसवायची. मोठ्याला बाटल्यांच्या झाकणांची गाडी करायला शिकवायचं आणि धाकट्याला सांगायचं, तू बस, तुला नंतर दुसरं काहीतरी दाखवू. आठ दिवसांनी त्या नुसत्या बसलेल्या मुलापुढे अचानक झाकणं आणि तारा ठेवायच्या. कर बघू गाडी.

पुण्यातली मुलं बावचळत. आपल्याला शिकवत नाहीत म्हटल्यावर तो वेळ त्यांनी 'माझा नंबर कधी' म्हणण्यात घालवलेला असे. तळावरची मुलं गाडी करून मोकळी होत. कडेला बसून, एक कान आईकडे, एक डोळा कुत्र्याकडे ठेवून त्यांनी ते आपसूक उचललेलं असे. ऋजुताने त्याला नाव दिलं 'रुंद लक्ष'. एक्केचाळीस मुलं तळांवरची, एक्केचाळीस पुण्यातली, तीनशे तासांचं चित्रण. त्या चित्रणातला एक तुकडा त्यांनी पुढे जगभर दाखवला. सात वर्षांची सोनाली घोंगडीचा काठ शिवते आहे, नजर सुईवर आहे, आणि मागे रांगत चुलीकडे निघालेल्या भावाचा पाय ती मान न वळवता धरते, त्याला मागे ओढते आणि पुढचा टाका घालते.

त्या प्रबंधावर ऋजुताबाई प्राध्यापक आणि पुढे विभागप्रमुख झाल्या. सोनालीचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, ती कोकरे आडनावाच्या कुळात, त्यांच्या तळावर आली. ओळख राहिली. सोनालीची मुलगी मायाक्का सात वर्षांची झाली, आणि तिला तालुक्याच्या निवासी शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा आड आला लक्षांक.

लक्षांक येऊन पाच वर्षं झाली होती. मुलाच्या कपाळाला एक मऊ पट्टी लावत, समोर पडदा ठेवत. मूल कुठे बघतं ते कॅमेरा टिपे, मेंदूत कुठे हालचाल होते ते पट्टी टिपे, आणि वीस मिनिटांनी शंभरापैकी आकडा येई. साठाच्या वर आला की मूल शाळेला योग्य. खाली आला तर उपचार होता. त्याचं नाव 'एकतान'.

एकतानही तशीच पट्टी होती, पण ती नुसती मोजत नसे. आपल्या मेंदूत एक राखणदार असतो. आपण एका कामात असताना तो बाकीच्या जगावर कान ठेवतो, मागे काही पडलं, कुणी हाक मारली, की हातातलं काम सोडवून आपल्याला तिकडे वळवतो. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी एकतान पट्टी नेमक्या त्या जागी सोडी आणि राखणदाराला वीस मिनिटं झोपवी. अशा चाळीस बैठका. लहान मुलांचा मेंदू रानासारखा असतो. पायवाटा पुष्कळ असतात. ज्यांवरून येणंजाणं राहतं त्या रुळतात, बाकीच्या गवतात बुजतात. राखणदार चाळीस वेळा झोपला की त्याची वाट बुजते आणि मूल 'एकाग्र' होतं. आकडे सांगत होते की अशी मुलं वाचनात, गणितात झपाट्याने पुढे जातात. आकडे खोटे नव्हते.

मायाक्काचा लक्षांक आला एक्केचाळीस. शाळेने सांगितलं, एकतान करा, पुढच्या जूनला घेऊ. सोनालीने ऋजुताबाईंना विचारलं. त्या विमानतळावर होत्या. परदेशात बालपणावरच भाषण होतं. त्यांनी रांगेत उभ्या उभ्या सोनालीने पाठवलेल्या अहवालाचं पहिलं पान वाचलं आणि म्हणाल्या, "काही होत नाही. लाव पट्टी. शाळा सुटता कामा नये."

एवढंच. एका आयुष्याचा निकाल लावायला रांगेतली चार मिनिटं पुरली.

---

कोकऱ्यांचा तळ माणगावच्या अलीकडे, भात कापलेल्या एका खाचरात बसला होता. ऋजुताबाई पोचल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पुरुष मेंढरं घेऊन डोंगराला गेले होते. सोनालीचे सासरे धुळाआबा पायाला लागल्यामुळे मागे राहिले होते आणि वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, दुरुस्त करत बसले होते.

मायाक्का एका दगडावर बसून वाचत होती. ऋजुताबाई जवळ गेल्या, हाक मारली. दोनदा. तिसऱ्या वेळी खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली.

"रुजामावशी! कवा आलीस?"

"आत्ता. काय वाचतेस?"

मायाक्काने वाचून दाखवलं. चौथीचं पुस्तक, समुद्रातल्या भरती-ओहोटीचा धडा. सात वर्षांची पोर, शाळेत एक दिवस न गेलेली, पट्टीबरोबर आलेल्या टॅबलेटवर पाच महिन्यांत शिकलेली. अडखळणं नाही, स्वल्पविरामाला थांबणं बरोबर. ऋजुताबाईंना क्षणभर वाटलं, सोनाली उगाच घाबरली.

चुलीवर भाकरी होती. सोनाली पाणी आणायला दहा पावलं गेली. दीड वर्षाची राही, मायाक्काची धाकटी बहीण, चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती. बाहुली घरंगळली. राही तिच्यामागे निघाली, एक हात, दोन हात, मायाक्काच्या पायांना घासून पुढे. चूल समोर होती.

ऋजुताबाई बघत होत्या. सव्वीस वर्षांची सवय होती त्यांना, अशा वेळी मध्ये न पडण्याची. तळावरची पोर बघते, तिला दिसतं, ती धरते. त्यांनी वाट पाहिली.

मायाक्काने पान उलटलं.

"राही!" सोनालीची किंकाळी आली. ऋजुताबाई झेपावल्या, पण त्याआधी राहीचा हात निखाऱ्याला लागला होता.

पुढचा अर्धा तास पाणी, फडकं, रडणं. भाजलं होतं थोडंच, दोन बोटं. पण मायाक्का जागची उठून उभी होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते ऋजुताबाईंना पाहवेना.

"मला दिसली न्हाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आई, खरंच, मला दिसली न्हाई."

धुळाआबांनी जाळी खाली ठेवली. "बाय," ते ऋजुताबाईंना म्हणाले, "ही पोर चार वर्साची असताना आंधारात कोकरू नुसतं खोकलं तरी कुणाचं ते सांगायची. आता पुस्तकातला समिंदर दिसतो तिला. पायाखालची भन न्हाई दिसत. कसली शाळा ही?"

सोनालीने राहीला छातीशी धरलं होतं आणि ती ऋजुताबाईंकडे बघतही नव्हती.

"किती बैठका झाल्या?" त्यांनी विचारलं.

"एकतीस."

"आज नको लावू. मी पुण्याला जाऊन येते."

"आज नको म्हनता. जूनमदी लाव म्हनला." सोनालीने आता वर पाहिलं. "ताई, तुमच्या भावाची नात हाय ना मायाच्याच वयाची? तिला लावली का पट्टी?"

"तिचा लक्षांक ब्याण्णव आला. तिला गरज नाही पडली."

"बरं हाय," सोनाली म्हणाली.

---

एकतानच्या मागे एक बालविकास मापन केंद्र होतं आणि केंद्राचा संचालक होता डॉ. निनाद शिरगावकर, ऋजुताबाईंचा एके काळचा विद्यार्थी. हुशार, नम्र. अजूनही गुरुपौर्णिमेला फोन करणारा. त्याने स्वतः उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं.

"वाईट झालं, मॅडम. मुलीचा हात बरा आहे ना?"

"मला एक सांग, निनाद. तळावरच्या मुलीचा लक्षांक एक्केचाळीस येतो, तो कशाच्या तुलनेत?"

"यंत्राला आधी उदाहरणं द्यावी लागतात. लक्ष असलेलं मूल कसं दिसतं, लक्ष नसलेलं कसं दिसतं. हजारो तासांचं चित्रण आहे. त्यातला पायाच मुळी..." तो जरा अडखळला. "तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं होतं. तुम्हीच सही केली होती."

त्याने पडद्यावर चित्रण लावलं. ऋजुताबाईंनी ते ओळखलं. ओळखणारच. चूल, घोंगडी, सुई, सात वर्षांची सोनाली. नऊ वर्षांपूर्वी विद्यापीठाने जुनी चित्रणं केंद्राला दिली, तेव्हा आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर त्यांनी सह्या केल्या होत्या. संशोधनासाठी, असं वर लिहिलं होतं.

पडद्यावर सोनालीचा हात मागे गेला, भावाचा पाय धरला, ओढला. चौकटीच्या खाली लाल अक्षरं उमटली: 'विचलन. श्रेणी तीन.'

"हे काय आहे?"

"खूणपत्रिका. काम चालू असताना लक्ष दुसरीकडे गेलं, म्हणून..."

"तिने टाका चुकवला का?"

"नाही, पण..."

"सुई पडली? भाऊ भाजला?"

"मॅडम, यंत्र काम बघत नाही, नजरेचा आणि हालचालींचा आकृतिबंध बघतं. पुण्यातल्या एक्केचाळीस मुलांचा आकृतिबंध शाळेतल्या यशाशी जुळला, तळावरच्यांचा जुळला नाही."

"कारण तळावरची मुलं शाळेत नव्हती! शाळेत न गेलेल्या मुलाचं शाळेतलं यश तू शून्य धरलंस आणि त्याचा दोष त्याच्या मेंदूला लावलास?"

निनादने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तो चिडला नाही. "मॅडम, ही मुलं मेंढरांमागे राहावीत असं तुम्हाला वाटतं का? फरक आहे हे जगाला तुम्हीच दाखवलंत. आम्ही फक्त तो भरून काढला."

ऋजुताबाई उठल्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली. आपण आयुष्यभर ज्याला हिरा म्हणून दाखवत हिंडलो, ते याने खडा म्हणून मोजलं, आणि मोजायला काटा आपलाच वापरला.

"अजून नऊ बैठका राहिल्यात तिच्या," त्या म्हणाल्या. "आज थांबवलं तर किती परत येईल?"

"सांगता येत नाही. कुणी थांबवलंच नाही आजवर. पण मग शाळेचा प्रवेश मिळणार नाही. अशी नोंद लागली की दुसऱ्या शाळाही घेत नाहीत." तो दारापर्यंत आला. "चाळीस पूर्ण करू द्या तिला. वाचते की नाही छान?"

---

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तळावर गेल्या. या वेळी काही सांगायचं नाही, फक्त मांडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सोनालीचा नवरा बिरू, धुळाआबा, सोनाली, सगळ्यांना बसवून त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. चित्रणाचं, लाल अक्षरांचं, स्वतःच्या सहीचं, रांगेतल्या चार मिनिटांचं. पट्टी थांबवली तर काय जाईल, चालू ठेवली तर काय जाईल.

"मला माफ कर म्हणायला मी आले नाही," त्या म्हणाल्या. "ठरवायचं तुम्ही. मागच्या वेळी मी ठरवलं, तिथे चूक झाली."

बिरूने काडीने जमिनीवर रेघा ओढल्या. "शाळा गेली तर मग पोर हितंच," तो म्हणाला. "आपल्यावानी."

"पट्टी काडली तर ती वाचायचं इसरंल का?" सोनालीने विचारलं.

"नाही. शिकलेलं जात नाही."

"मंग काडायची." ती इतक्या पटकन म्हणाली की बिरूने मान वर केली. "शाळा म्या भांडून घेईन. दार बंद केलं तर दारात बसंन. पन पोरीचं डोळं म्या कुटून भांडून आणू?" मग ती ऋजुताबाईंकडे वळली. "त्या फिलमीत म्या हाय ना? ती माझी हाय का तुमची?"

"म्हणजे?"

"माझं त्वांड हाय, माझा हात हाय. म्या कवा म्हनलं, ह्यावरनं माझ्या पोरीला येडी ठरवा म्हनून?"

सव्वीस वर्षं ऋजुताबाई ते चित्रण 'माझं' म्हणत आल्या होत्या.

पुण्याला परतल्यावर त्यांनी एका वकील मैत्रिणीला गाठलं, तेजश्री बोडसला. तिने नोंदहक्काचा नवा कायदा काढून दाखवला. कुणाच्या देहाच्या नोंदीवर यंत्र शिकवलं असेल आणि ती नोंद लहानपणी घेतलेली असेल, तर मोठेपणी त्या माणसाला ती परत मागता येते. परत मागितली की यंत्राने ती विसरायची. आणि आणखी एक कलम होतं, तीस नोंदींवर केंद्राचं भागावं म्हणून कुणीतरी घातलेलं: ज्या समाजातल्या निदान तीस मुलांची नोंद यंत्रात नाही, त्या समाजावर ते माप सक्तीने लावता येणार नाही.

"एक्केचाळीस मुलं होती ना तुझी?" तेजश्री म्हणाली. "बारा जणांनी परत मागितलं की एकोणतीस उरतात."

ती मुलं आता तिशी ओलांडलेली होती आणि चार जिल्ह्यांत पांगलेली. कुणी रोह्याच्या खाचरात, कुणी भोरच्या घाटात, एक जण फलटणला दूध संकलन केंद्रावर, एक हवालदार. ऋजुताबाईंना सगळ्यांची नावं पाठ होती. शोधून काढलं मात्र सोनालीने. ती फोनवर कुणाला आत्याच्या नात्याने, कुणाला मेंढी विकल्याच्या ओळखीने गाठी. ऋजुताबाई गाडी चालवत आणि तळावर पोचल्यावर चित्रण दाखवत. आधी माणसं स्वतःला लहान बघून हसत. आपला मेलेला बाप मागे बिडी ओढताना दिसला की गप्प होत. मग खालची लाल अक्षरं दिसत. "हे काय लिवलंय?" हवालदाराने स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं, टोपी काढून ठेवली आणि पेन मागितलं.

बारा हवे होते. छत्तीस मिळाले. दोघं वारले होते, तीन सापडले नाहीत.

---

नोंदहक्क आयोगापुढे सुनावणी फेब्रुवारीत झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, दोन सदस्य, समोर निनाद आणि त्याचे वकील. छत्तीसपैकी एकोणीस जण आले होते. त्यांना बसायला खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा शिपायाने सतरंजी आणली. ऋजुताबाईंनी ती परत पाठवली आणि खुर्च्या येईपर्यंत स्वतः उभ्या राहिल्या.

निनादच्या वकिलाचा मुद्दा बिनतोड वाटत होता. नोंदी काढून घेतल्या तर यंत्राच्या लेखी ही मुलं जगातच नसतील. आज निदान मोजली तरी जातात. हे त्यांच्या हिताचं कसं?

अध्यक्षांनी सोनालीला विचारलं, "बाई, तुम्हाला हे समजतंय का? तुमच्या मुलांची कुठे गणतीच राहणार नाही."

सोनाली उठली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "सायेब, आमी रोज दोनशे मेंढरं मोजतो. मोजताना एक चुकलं तर मेंढराला शिक्षा करत न्हाई. परत मोजतो."

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खाकरलं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"माझी पोर शाळेत जाऊ नये असं म्या म्हनलं न्हाई," ती पुढे म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "म्या तिला शाळेतच घालायला निगाले हुते. तुमी म्हनला, आदी डोळं झाका, मग दार उगडतो. शहरातल्या पोरास्नी इचारलं का, मागं काय चाललंय ते न बगता सांगा? न्हाई आलं म्हनून त्यांच्या डोक्याला पट्टी लावली का? आमचंच तेवडं डोकं दुरुस्त करायचं? माझ्या धाकटीची बोटं भाजली. मोटी रोज रडती, म्हनती म्याच वाईट हाय. ती वाईट न्हाई. तिला वाईट केली. कुनी केली ते हितं बसल्यात."

निनाद खाली बघत होता. त्याच्या समोरच्या पेल्यातलं पाणी तसंच होतं. ऋजुताबाई उठल्या आणि म्हणाल्या, "त्यांत मीही आहे. माझी सही कागदपत्रात पान चौदावर आहे, ती वाचून दाखवावी अशी माझी विनंती आहे."

ती वाचण्यात आली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने त्यांच्याकडून खुलासा मागवला, आणि मार्चअखेर विभागप्रमुखपद गेलं. त्यांनी खुलाशात लिहिलं, आरोप मान्य आहे, फक्त उशीर झाला.

मायाक्काचं काय झालं, तर काही परत आलं, काही नाही. मेंदूतज्ज्ञाने सांगितलं की वाट पुरती बुजली नव्हती. चालवा तिला, रुळेल. धुळाआबांनी औषध काढलं ते आपल्या पद्धतीचं. रोज तिला पाठमोरी बसवून हातात काहीतरी काम द्यायचे आणि मागून मेंढरं सोडायचे. कुठलं लंगडतंय, सांग. पहिले तीन आठवडे ती चुकली आणि रडली. होळीला कळप घाट चढू लागला तेव्हा ती दहातली सहा वेळा बरोबर सांगे. पण पूर्वी तिला ते आपसूक कळायचं, आता कान लावावा लागे, आणि कान लावून लावून संध्याकाळी तिचं डोकं दुखे. वाचन तिने सोडलं नाही. राहीला मात्र ती एकटी सांभाळायला तयार होईना. आई जवळ हवीच.

निकाल मेमध्ये लागला. सोनालीला आयोगाच्या पुण्यातल्या कार्यालयात बोलावलं होतं, पोच घेऊन आदेश ताब्यात द्यायचा होता. तिच्याबरोबर मायाक्का होती, ऋजुताबाई होत्या. खिडकीपलीकडच्या लिपिकाने, वायंगणकर नावाच्या, पोचवहीचं पान उघडून बोट ठेवलं.

"इथे सही करा. जिंकलात तुम्ही. सक्ती उठली, शाळेचा प्रवेशही मिळेल."

"काय लिवलंय ते आदी वाचते," सोनाली म्हणाली. ती वाचू शकत होती, पण सरकारी मराठी तिला जड जाई. तिने बोट ठेवत ठेवत वाचलं. एका जागी बोट थांबलं. "'सदर समाजातील बालके मापनास अपात्र असल्याने त्यांना सूट देण्यात येत आहे.' ताई, अपात्र म्हंजे नालायक ना?"

ऋजुताबाईंनी तो कागद हातात घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. छत्तीस सह्या, सहा महिने, भाजलेली दोन बोटं, आणि शेवटी हा शब्द. "लायक नाही, असंच," त्या म्हणाल्या.

"म्हंजे माप तोकडं पडलं, आन् कमी आमी."

"अहो, ती नुसती भाषा असते," वायंगणकर म्हणाले. "ठरलेला मसुदा आहे. तुमचं काम झालं ना? शब्दाचं काय घेऊन बसलात?"

"आमची पोर ह्या कागदावर शाळेत जानार. मास्तर पयला हा शब्द वाचनार." सोनालीने पोचवही परत सरकवली. "दुरुस्त करा. मंग सही."

"दुरुस्तीला फाइल पुन्हा वर जाईल. प्रवेशाची मुदत सोमवारपर्यंत आहे, बाई. आज गुरुवार. घ्या ते आणि जा."

ऋजुताबाईंच्या ओठावर आलं होतं, घे सोनाली, नंतर भांडू. त्यांनी ते गिळलं.

सोनालीने खांद्यावरच्या घोंगडीची घडी उलगडली, खिडकीसमोर फरशीवर अंथरली आणि मांडी घालून बसली. मायाक्का तिच्या शेजारी बसली. थोडा विचार करून, गुडघे दुखत असतानाही, ऋजुताबाई बसल्या. त्यांनी तेजश्रीला फोन केला, तेजश्रीने हवालदाराला, हवालदाराने बाकीच्यांना. दुपारी तीनपर्यंत त्या व्हरांड्यात अकरा जण झाले. शुक्रवारी सकाळी सव्वीस. कार्यालयातल्या माणसांना पाय टाकायला जागा उरली नाही, आणि सोनालीच्या पलीकडे पाय टाकून जायचं धाडस कुणाला होईना.

शुक्रवारी सव्वापाचला वायंगणकर स्वतः बाहेर आले. त्यांच्या हातात नवा कागद होता. सोनालीने तो मायाक्काकडे दिला.

"वाच. मोट्यानं. समद्यास्नी ऐकू जाऊ दे."

मायाक्का उभी राहिली. तिने घसा साफ केला आणि वाचलं, "सदर माप या समाजातील बालकांची क्षमता मोजण्यास अपुरे असल्याने ते लावण्यात येऊ नये."

"अपुरं कोन?" सोनालीने विचारलं.

"माप," मायाक्का म्हणाली.

"परत वाच."

तिने परत वाचलं. मग सोनालीने पेन घेतलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, बापाचं, नवऱ्याचं, गावाचं, जागा पुरेना तरी.